प्रयोगशाळेतला सूर्य आणि पुण्याचं ऊन

आजचा विषय विज्ञानाच्या इतिहासातला असला, तरी तो सध्या आपल्या गच्चीवर येऊन बसला आहे. पुण्यातल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर, बंगल्यांवर, कारखान्यांच्या पत्र्यांवर आणि शहराबाहेर पडलं की विहिरींच्या कडेला सोलर पॅनेल दिसतात. यांपैकी कुठल्याही पॅनेलच्या पाठीमागं वाकून बघितलं, तर तिथं एक लेबल असतं. त्यावर ठळक आकडा असतो. समजा, ५४० वॉट. त्याखाली बारीक अक्षरात तीन अटी असतात: १००० वॉट प्रति चौरस मीटर, २५ अंश सेल्सिअस, ए.एम. १.५.

या आकड्यावर किती गोष्टी उभ्या आहेत बघा. पॅनेलची किंमत वॉटवर ठरते. सरकारी अनुदान किलोवॉटवर ठरतं. बँकेचं कर्ज त्यावर, कंपनीची पंचवीस वर्षांची हमी त्यावर. शेतकऱ्याच्या तीन अश्वशक्तीच्या पंपाला साधारण तीन हजार वॉटची पॅनेल लागतात, तो हिशोबही त्यावरच.

आता प्रश्न असा की हा आकडा काढला कुठं? उन्हात नाही. कारखान्यातल्या एका बंद, काळ्या पडद्यांच्या खोलीत दिव्याचा एक झोत पॅनेलवर पडतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत विझतो, तेवढ्यात यंत्र मोजणी करतं आणि लेबल छापलं जातं. मग दिव्याच्या उजेडात काढलेला आकडा सूर्याच्या नावानं विकायचा, तर तो दिवा सूर्यासारखा आहे हे कुणी ठरवलं? कशाच्या आधारावर ठरवलं? आणि सूर्य म्हणजे नेमका कुठला? पुण्याचा की परदेशातला?

या प्रश्नांचा इतिहास आज आपण बघणार आहोत. त्याचा एक धागा अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतून जातो आणि दुसरा आपल्या शिवाजीनगरातून, सिमला ऑफिस चौकातून.

ऊन हे वाईट मोजमाप का?

आधी साधी शंका. सोलर सेल उन्हासाठी आहे, मग तो उन्हातच का तपासू नये? तपासता येतो, आणि सुरुवातीला तसंच करत. पण ऊन दर मिनिटाला बदलतं. सकाळचं ऊन तांबूस, दुपारचं पांढरं. एखादा पातळ ढग सरकला की आकडा खाली येतो, आणि ढगाच्या कडेवरून जास्तीचा उजेड परावर्तित झाला तर तोच आकडा वर जातो. हवेत धूळ किती, बाष्प किती, यावर उन्हाचा रंग ठरतो. पुण्यात जून ते सप्टेंबर स्वच्छ आकाशाची वाट बघत बसलं, तर चार महिने प्रयोग बंद. एप्रिल-मेमध्ये आकाश मोकळं असतं, पण सेल इतका तापतो की त्याची वीज उतरते. शिवाय आज पुण्यात मोजलेला आकडा आणि उद्या दिल्लीत मोजलेला आकडा शेजारी ठेवून काहीच सांगता येत नाही.

सौर विजेच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात साधारणपणे २५ एप्रिल १९५४ पासून धरतात. त्या दिवशी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजनं चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी बनवलेला सिलिकॉनचा सेल जगाला दाखवला. पडणाऱ्या प्रकाशातली सुमारे ६ टक्के ऊर्जा तो विजेत बदलत होता. चारच वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह असेच सेल घेऊन वर गेला. त्याचा बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही महिन्यांत गप्प झाला, पण सेलवर चालणारा १९६४ पर्यंत बोलत राहिला. त्यानंतर उपग्रहांना सोलर सेल हवेतच, हे ठरून गेलं.

आणि इथंच मोजमापाचा प्रश्न गंभीर झाला. उपग्रह एकदा वर गेला की दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही. सेल किती वीज देईल हे जमिनीवरच, आधीच कळायला हवं. म्हणून प्रयोगशाळेत सूर्य आणायची गरज पडली.

टंगस्टनचा दिवा आणि त्याची खोड

हाताशी काय होतं? टंगस्टनचा दिवा, म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बचाच थोरला भाऊ. त्याची तार साधारण २८०० केल्व्हिनपर्यंत तापते. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्व्हिन. वस्तू जितकी जास्त तापलेली, तितका तिचा प्रकाश निळ्याकडं झुकतो. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल, मग पिवळं आणि मग पांढरं दिसतं, तसंच हे. त्यामुळं सूर्याचा सर्वांत जोरदार प्रकाश ५०० नॅनोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या पट्ट्यात. टंगस्टनचा मात्र १००० नॅनोमीटरच्या पुढं, डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्तात.

सिलिकॉनला प्रकाश साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतच पचतो. त्यापुढचा प्रकाश सेलला नुसता तापवतो, वीज देत नाही. आता समजा, उष्णता मोजणाऱ्या यंत्रानं दिव्याचा जोर सूर्याइतका लावून घेतला. त्या दिव्याची बरीच ऊर्जा सिलिकॉनच्या हद्दीबाहेरच पडणार, म्हणजे सेल आहे त्यापेक्षा वाईट दिसणार. म्हणून दिवा आणि सेल यांच्यामध्ये पाण्याचा थर ठेवत. पाणी लांब पल्ल्याचं अवरक्त शोषून घेतं. थोडं बरं व्हायचं, पण निळ्याची कमतरता राहायचीच.

याचा परिणाम नुसता आकडा इकडचा तिकडं होण्याइतका नव्हता. अंतराळातल्या किरणोत्सारानं सेल बिघडतो, तेव्हा त्याचा लाल-अवरक्त प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद आधी कमी होतो. टंगस्टनखाली अशा सेलचं नुकसान वाजवीपेक्षा मोठं दिसणार. उलट, एखाद्यानं मेहनतीनं निळ्या प्रकाशाला चांगला प्रतिसाद देणारा सेल बनवला, तर टंगस्टनखाली ती सुधारणा दिसणारच नाही. म्हणजे चुकीच्या दिव्यानं चांगल्या सेलवर अन्याय होतो.

यातून दोन उपाय निघाले, आणि आजही सगळी इमारत त्या दोन खांबांवर उभी आहे. पहिला उपाय झेनॉनचा दिवा. झेनॉन वायूतून विजेची ठिणगी जाते तेव्हा तिचा प्रकाश सूर्याच्या बराच जवळ येतो. फक्त ८०० ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याच्या काही रेषा भलत्याच तीव्र असतात, त्या गाळण्यांनी, म्हणजे फिल्टरनी, दाबाव्या लागतात.

दुसरा उपाय जास्त हुशारीचा. अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं सेल मोठ्या फुग्याला बांधून सुमारे ३६ किलोमीटर उंच पाठवले. तिथं हवेचा जवळजवळ सगळा थर खाली राहिलेला असतो. त्या उंचीवर सेलनं किती करंट दिला याची नोंद झाली, मग सेल खाली आणले. आता हा सेल स्वतःच मापाचा दगड झाला. प्रयोगशाळेत तो दिव्याखाली ठेवायचा आणि त्यानं वर दिला होता तेवढाच करंट येईपर्यंत दिव्याचा जोर कमी-जास्त करायचा. मग त्याच जातीचा नवा सेल तिथं ठेवायचा आणि मोजायचा. याला संदर्भ सेल म्हणतात. वाण्याच्या तराजूत वजन ठेवतात ना, तसं. वजन खरं असेल तर तराजूतला थोडा दोष चालून जातो. पण ते वजन मुळात खऱ्या सूर्याखाली ठरलेलं असतं, हे विसरायचं नाही. दिवा कितीही चांगला असो, त्याला सूर्याची साक्ष लागतेच.

सिमला ऑफिसातला तराजू

आता आपण पुण्याकडं वळू. अंतराळ सोडून जमिनीवर यायचं, तर जमिनीवर ऊन किती पडतं हे आधी कळायला हवं. आपल्या देशात हे काम पुण्यातून झालं.

भारतीय हवामान विभागाचं मुख्यालय पूर्वी सिमल्याला होतं. १९२८ साली ते पुण्याला आलं आणि शिवाजीनगरात ती देखणी दगडी इमारत उभी राहिली. सिमल्याहून आलेलं ऑफिस म्हणून लोक तिला सिमला ऑफिस म्हणू लागले. मुख्यालय पुढं दिल्लीला गेलं, नाव मात्र चौकाला चिकटलं ते कायमचं. रोज हजारो माणसं ‘सिमला ऑफिसला उतरायचंय’ म्हणतात, पण तिथं ऊन मोजायची केवढी मोठी परंपरा आहे हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

१९४८ साली इथल्या उपकरण विभागात एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ रुजू झाल्या. त्यांचं नाव अ‍ॅना मणी. जन्म १९१८ चा, केरळातल्या पीरमेडचा. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरा आणि माणिक यांच्या वर्णपटांवर काम केलं होतं, नंतर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जाऊन हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेतलं. त्या काळी आपल्याकडं साधी उपकरणंही बाहेरून यायची. एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या पुढाकारानं पुण्यात उपकरणं घडवायचं काम चालू होतं, त्यात मणी सामील झाल्या आणि १९५३ मध्ये विभागाच्या प्रमुख झाल्या. जवळपास शंभर प्रकारच्या हवामान-उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रं त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. चुकीचं मोजमाप हे मोजमाप न करण्यापेक्षाही वाईट, असं त्यांचं ठाम मत होतं.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं. त्या निमित्तानं देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं करायचं ठरलं. प्रारण म्हणजे उन्हातून येणारी एकूण ऊर्जा. ही मोजायची कशी? दोन उपकरणं समजून घेऊ.

पहिलं पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली एक काळी चकती, तिच्या खाली धातूंचे अनेक जोड. ऊन पडलं की चकती तापते, जोडांमध्ये लहानसा विद्युतदाब तयार होतो, तो नोंदवायचा. संपूर्ण आकाशातून येणारं ऊन यात मोजलं जातं.

दुसरं पायरहेलिओमीटर. हे फक्त सूर्यबिंबाकडं रोखलेलं असतं. स्वीडनच्या आँगस्ट्रॉम यांचं उपकरण तर फारच सुंदर आहे. त्यात दोन सारख्या काळ्या पट्ट्या असतात. एकीवर ऊन पडू द्यायचं, दुसरी सावलीत ठेवायची आणि तिच्यातून वीज सोडून ती तापवायची. दोन्हींचं तापमान सारखं झालं की थांबायचं. सावलीतल्या पट्टीला किती वीज दिली हे आपल्याला माहीत असतं, म्हणजे उन्हानं दुसरीला तेवढीच ऊर्जा दिली. ऊन एका पारड्यात, वीज दुसऱ्या पारड्यात. खरोखर तराजूच हा!

पण तराजू सगळ्यांचे सारखे नव्हते. जगात सौर प्रारणाची दोन मापं चालत होती. एक युरोपातलं आँगस्ट्रॉमचं, दुसरं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचं, आणि दोन्हींत साडेतीन टक्क्यांचा फरक होता. एकाच उन्हाला दोन आकडे! भूभौतिकी वर्षाच्या तोंडावर तोडगा निघाला. आँगस्ट्रॉमचं माप दीड टक्क्यानं वाढवायचं, स्मिथसोनियनचं दोन टक्क्यांनी कमी करायचं. पुढं स्वित्झर्लंडमधल्या डाव्होस इथं जागतिक संदर्भ माप ठेवलं गेलं. दर पाच वर्षांनी देशोदेशींची उपकरणं तिथं एकाच सूर्यासमोर शेजारी शेजारी मांडून ताडून बघतात. पुण्याचं केंद्र आशियाच्या प्रादेशिक प्रारण केंद्रांपैकी एक आहे. डाव्होसला ताडलेलं उपकरण पुण्याला परत येतं, त्यावरून पुण्यातली उपकरणं लावतात, त्यावरून देशभरातली. या साखळीची एक कडी जरी सैल असली, तरी खालचे सगळे आकडे संशयास्पद होतात.

या जाळ्यातून वर्षानुवर्षं जमलेल्या नोंदी अ‍ॅना मणींनी निवृत्तीनंतर ग्रंथरूपात आणल्या. भारताच्या सौर प्रारणाच्या माहितीची त्यांची पुस्तिका १९८० साली प्रसिद्ध झाली. त्यापाठोपाठ एस. रंगराजन यांच्यासह लिहिलेला दुसरा ग्रंथ आला. देशात सौर ऊर्जेचं काम करणाऱ्या एका अख्ख्या पिढीनं आपले हिशोब या पानांवरून केले.

ए.एम. १.५: कुणाचा सूर्य?

पुन्हा लेबलकडं येऊ. ए.एम. म्हणजे एअर मास, सूर्याच्या किरणांनी ओलांडलेली हवेची जाडी. सूर्य बरोबर डोक्यावर असेल तर किरण सरळ खाली येतात, तेव्हा एअर मास १. सूर्य कलला की किरण तिरके येतात, जास्त हवेतून येतात. डोक्यावरच्या बिंदूपासून ४८.२ अंश कलला की एअर मास १.५ होतो. हवेबाहेर, उपग्रहाच्या उंचीवर, तो शून्य.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेनं जमिनीवरच्या सौर विजेवर पैसा ओतला. पॅनेल विकत घ्यायची तर सगळ्यांचा आकडा एकाच अटींवर हवा. १९७५ आणि १९७६ साली तिथं तज्ज्ञांच्या दोन कार्यशाळा झाल्या, आणि १९७७ च्या कार्यपद्धतीत ए.एम. १.५ हा प्रमाण वर्णपट म्हणून आला. पुढं तो अनेकदा सुधारला गेला. आज वापरतात त्या वर्णपटात पॅनेल ३७ अंश कललेलं धरलं आहे, कारण ते अमेरिकेच्या मुख्य भूमीचं सरासरी अक्षांश. हवेतलं बाष्प धरलं आहे १.४२ सेंटिमीटर पाण्याइतकं. आपल्याकडं आषाढात हवेत याच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी असतं.

आता पुण्याचा हिशोब करून बघू, कागद-पेन्सिलीवर जमण्यासारखा आहे. पुण्याचं अक्षांश साडेअठरा. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तेच आपले शून्य सावलीचे दिवस. तेव्हा एअर मास १. वर्षातला सर्वांत कललेला मध्यान्ह २२ डिसेंबरच्या आसपास. तेव्हाही सूर्य डोक्यापासून ४२ अंशच कलतो आणि एअर मास होतो सुमारे १.३४. म्हणजे वर्षातल्या एकाही दिवशी पुण्यात भर दुपारी ए.एम. १.५ चं ऊन पडत नाही! ते मे महिन्यात सकाळी नऊच्या आणि दुपारी चारच्या सुमारास पडतं, डिसेंबरात अकराच्या आणि दोनच्या सुमारास.

मग हे माप आपल्यासाठी चुकीचं आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. मीटरची लांबी ठरवताना ती फ्रान्समध्ये ठरली, म्हणून पुण्यात कापड मोजायला ती अडत नाही. प्रमाण अटींचं काम तुलना करणं हे आहे. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडनं १९७७ साली भारतातला पहिला सोलर सेल बनवला. तो आणि जर्मनीतला सेल एकाच आकड्यात बोलू शकले पाहिजेत, त्यासाठी हा करार. पण तुमच्या गच्चीवर वर्षात किती युनिट पडतील, हे या करारातून कळत नाही. त्यासाठी इथलं ऊन मोजलेलं असावं लागतं. लेबलवरचा आकडा कारखान्यातल्या दिव्यानं दिला, त्याला सिमला ऑफिसातल्या नोंदींनी गुणलं, तेव्हा कुठं युनिट हाती आली.

उदाहरण घ्या. पुण्यात वर्षाची सरासरी काढली तर दर चौरस मीटरवर दिवसाला साधारण साडेपाच युनिट ऊन पडतं. म्हणजे लेबलवरच्या १००० वॉटच्या कडक उन्हाचे साडेपाच तास. तीन किलोवॉटची पॅनेल असतील तर गुणाकार येतो साडेसोळा. त्यातून उष्णता, धूळ, तारा आणि इन्व्हर्टरमधली घट साधारण पाव भाग धरली की दिवसाला बाराच्या आसपास युनिट उरतात. या गुणाकारातला एक आकडा दिव्याचा आहे आणि दुसरा खऱ्या सूर्याचा.

यंत्राची परीक्षा

दिवा सूर्यासारखा आहे हे तपासायचे तीन निकष आंतरराष्ट्रीय मानकात दिले आहेत. पहिला रंगाचा. ४०० ते ११०० नॅनोमीटरचा पट्टा सहा भागांत वाटलेला आहे. प्रत्येक भागात किती टक्के ऊर्जा हवी ते ठरलेलं आहे, उदाहरणार्थ ५०० ते ६०० या भागात १९.९ टक्के. ‘अ’ वर्गाच्या यंत्राला यात पाव हिश्श्यापर्यंत कमी-जास्तची सूट मिळते. दुसरा निकष समानतेचा. संपूर्ण पॅनेलवर उजेड सारखा पडतो का? तिसरा स्थिरतेचा. मोजणी चालू असताना उजेड हलतो का? दोन्हींत ‘अ’ वर्गासाठी मर्यादा २ टक्के. २०२० च्या सुधारणेत ‘अ+’ हा त्याहून कडक वर्ग आला, आणि वेगवेगळ्या रंगांचे एल.ई.डी. एकत्र करून बनवलेल्या यंत्रांना हे जमू लागलं आहे.

समानता इतकी महत्त्वाची का? पॅनेलमधले सेल साखळीसारखे एकामागं एक जोडलेले असतात. त्यातल्या एकावर उजेड कमी पडला तर तो साऱ्या साखळीचा करंट अडवतो. एका कोपऱ्यातल्या मंद उजेडानं चांगलं पॅनेल नापास होऊ शकतं.

आणि झोत क्षणभरच का? दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर सूर्याइतका उजेड सतत पाडला तर ते तापेल, मग २५ अंशांची अट मोडेल. म्हणून झेनॉनची नळी काही मिलिसेकंद पेटवायची आणि तेवढ्यात इलेक्ट्रॉनिक यंत्रानं शून्यापासून पूर्ण व्होल्टेजपर्यंतचा सगळा आलेख काढून घ्यायचा.

यात दोन टक्क्यांची गफलत झाली तर? एका पॅनेलवर १०-११ वॉट, कुणाच्या लक्षातही येणार नाही. हजार मेगावॉटच्या प्रकल्पात तेच वीस मेगावॉट होतात. म्हणून आपल्याकडंही २०१७ साली सोलर पॅनेलना भारतीय मानक ब्युरोच्या चाचणी-नोंदणीची सक्ती करणारा आदेश निघाला.

नवे सेल, नव्या अडचणी

सिलिकॉनसाठी ही सगळी घडी नीट बसली, आणि मग असे सेल आले ज्यांनी ती विस्कटली. १९९१ साली ओ’रिगन आणि ग्रेट्झेल यांनी रंगद्रव्यावर चालणारा स्वस्त सेल जाहीर केला. कृत्रिम सूर्याखाली त्यांनी त्याची कार्यक्षमता ७.१ ते ७.९ टक्के दिली आणि पसरलेल्या दिवसाच्या उजेडात १२ टक्के. सेल तोच, उजेड बदलला की आकडा बदलला. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटानं अशा सेलवर बरंच काम केलं. नंतर पुण्याच्या आयसरमध्ये आणि इतरत्र पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाच्या सेलकडं लक्ष वळलं. २००९ मध्ये जपानमध्ये ३.८ टक्क्यांपासून सुरू झालेला हा सेल काही वर्षांत वीस टक्क्यांपुढं गेला.

पण हे सेल सावकाश प्रतिसाद देतात. व्होल्टेज चढत्या क्रमानं नेलं तर एक आकडा, उतरत्या क्रमानं नेलं तर दुसरा! मिलिसेकंदांचा झोत यांच्या कामाचा नाही, यांना सतत उजेड आणि धीर लागतो. दुसरी अडचण आकाराची. प्रयोगशाळेतला सेल नखाएवढा असतो. समजा, तो पाच मिलिमीटरचा चौकोन आहे, म्हणजे पंचवीस चौरस मिलिमीटर. काचेतून बाजूचा उजेड आत झिरपून प्रत्यक्षात सहा मिलिमीटरचा चौकोन उजळला, तर क्षेत्र छत्तीस झालं. दहा टक्क्यांचा सेल कागदावर चौदा टक्क्यांच्या वर दिसेल. म्हणून सेलवर मोजून कापलेला काळा मुखवटा लावतात. २०१२ ते २०१५ या काळात मोठ्या नियतकालिकांनी याबद्दल इशारे दिले, आणि शोधनिबंधासोबत मोजणीच्या अटींची यादी भरून द्यायला सांगितलं. विक्रमी आकडे स्वतंत्र प्रयोगशाळेत पडताळल्याशिवाय जागतिक तक्त्यात घेत नाहीत, ही शिस्त तर १९९३ पासूनची.

आमच्या मते या इतिहासाचं सार इथं आहे. प्रत्येक नवा पदार्थ आला की दिव्याबद्दलचा जुना विश्वास पुन्हा तपासावा लागतो. तरुण संशोधकाला जास्त आकड्याचा मोह होतो, कारण शोधनिबंध आणि नोकरी त्यावर असते. अशा वेळी मुखवटा लावणं, आलेख दोन्ही बाजूंनी काढणं, संदर्भ सेल वेळच्या वेळी ताडून घेणं ही कंटाळवाणी कामंच प्रामाणिकपणा टिकवतात. अ‍ॅना मणींनी पायरॅनोमीटरबद्दल जो आग्रह धरला, तोच इथं लागतो.

प्रश्नोत्तरांतून

*एका श्रोत्यांनी विचारलं, ‘आमच्या गच्चीवरचं ५४० वॉटचं पॅनेल मे महिन्यात भर दुपारी पावणेपाचशेच्या वर जात नाही. आम्ही फसलो का?’*

बहुधा नाही. लेबलवरची अट २५ अंशांची आहे आणि ते तापमान सेलचं आहे, हवेचं नाही. मे महिन्यात सेल ६० अंशांपर्यंत सहज जातो, म्हणजे ३५ अंश जास्त. सिलिकॉनची वीज दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते. गुणाकार केला तर सव्वाबारा टक्के गेले, उरले सुमारे ४७४ वॉट. तुमचं पॅनेल व्यवस्थित आहे. पॅनेल घेताना तापमानाचा हा गुणांक माहितीपत्रकात बघून घ्या. आपल्या हवेत तो जितका लहान तितका बरा. आणि पॅनेल गच्चीला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या.

*एका विद्यार्थिनीनं विचारलं, ‘कॉलेजच्या प्रकल्पात हॅलोजनच्या दिव्याखाली सेलची कार्यक्षमता काढली तर चालेल का?’*

कार्यक्षमता म्हणून आकडा देऊ नका. हॅलोजन म्हणजे टंगस्टनच, मघाशी सांगितलेली सगळी खोड त्यात आहे. तुलना मात्र करता येईल. एकाच जातीचे दोन सेल, एकाच जागी, एकाच अंतरावर, पंख्याखाली गार ठेवून मोजा आणि कोण सरस ते सांगा. कार्यक्षमता हवीच असेल तर ताडलेला संदर्भ सेल मिळवा आणि पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ दुपारी गच्चीवर जा. दोन्ही सेल शेजारी, एकाच कोनात ठेवा. वेळ, तापमान आणि सूर्याची उंची वहीत लिहा. प्रकल्पाच्या अहवालात या तीन नोंदी असतील, तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणालाही पडताळून बघता येईल.